नियमावलीतच असलेली मुभा

शुद्धलेखनाचा आग्रह म्हणजे बोलींची गळचेपी, असे एक मत आहे; बोलण्यापुरते ते मला मान्य आहे. लेखनाला, निदान पाठ्यपुस्तकांना आणि शासकीय पत्रव्यवहाराला, ते लावणे पटत नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ सालच्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले, म्हणजे प्रमाणलेखन तेव्हा बोलण्याच्या जवळच आले. शिवाय पात्राच्या तोंडची बोलभाषा लिहिताना ‘केलं’, ‘असं’ अशी सानुस्वार रूपे वापरावीत आणि एरवी ‘केले’, ‘असे’ लिहावे, असे महामंडळाची नियमावलीच सांगते. आग्रह धरणारे पुष्कळजण (त्यांत मुद्रितशोधकही आले) हे विसरून कथेतील संवादांवरही लाल शाई चालवतात, आणि त्यांचे हे अज्ञान विनाकारण नियमांच्या माथी मारले जाते.