म्यूटची कळ एकदा चालते, दुसऱ्यांदा चालत नाही: ॲम्प्लिफायरच्या रिमोटचा कोड पकडताना काय चुकत असावे?

माळ्यावरचा_रेडिओ

नमस्कार. दिवाणखान्यातील टीव्ही, डीव्हीडी प्लेअर आणि एक जुना ॲम्प्लिफायर ही तिन्ही उपकरणे मोठ्या बटणांच्या एकाच पेटीवरून चालवता यावीत, म्हणून मी ईएसपी ८२६६ या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डावर व्हीएस १८३८बी हा तीन पायांचा सेन्सर आणि एक इन्फ्रारेड एलईडी जोडून मूळ रिमोटचे कोड पकडत आहे. टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर यांचे काम पहिल्याच दिवशी झाले. ॲम्प्लिफायर मात्र दाद देत नाही.

त्याच्या रिमोटवरील म्यूटची कळ दाबली की हेक्समध्ये (सोळाच्या पायावरील अंकांत) कधी ४०डी उमटते, तर कधी सी०डी. पकडताना गडबड होत असावी असे समजून मी दहा वेळा कळ दाबून पाहिली. पाच वेळा हे आले, पाच वेळा ते. शेवटी ४०डी आलेल्या वेळच्या कच्च्या नोंदी (झोत किती वेळ चालू आणि किती वेळ बंद होता, एवढेच) जशाच्या तशा साठवल्या आणि ३८ किलोहर्ट्झवर परत पाठवल्या. आवाज बंद झाला, पण पुन्हा पाठवल्यावर सुरू होईना. आवाज वाढवण्याची कळ याच पद्धतीने पकडलेली असूनही ती मात्र कितीही वेळा चालते. त्यातच संध्याकाळी पकडलेले काही कोड ‘अज्ञात’ म्हणून येतात, आणि पेटी सोफ्यापासून वापरली तर ॲम्प्लिफायरला काहीच कळत नाही. तीन-चार पावले पुढे जावे लागते.

फोन वाजला की आई म्यूट दाबते आणि बोलणे झाल्यावर पुन्हा दाबते. सध्या दुसऱ्या वेळी मला उठून मूळ रिमोट शोधावा लागतो.

कंदील

संध्याकाळच्या तक्रारीपुरते सांगतो. खोलीत सीएफएल दिवा असेल तर तो बंद करून पाहावा. त्याच्या आतील सर्किट दहापट-वीसपट अशा दहांच्या पटीतील किलोहर्ट्झवर चालते, त्यामुळे सेन्सरला त्या प्रकाशात रिमोटसारखेच काहीतरी दिसत राहते. शिवाय रिमोट सेन्सरला अगदी टेकवून, दोन-तीन सेंटिमीटरवर धरावा आणि त्यात नवे सेल घालावेत. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास एलईडी जांभळट चमकताना दिसतो, त्यावरून रिमोट ठीक आहे की नाही हे कळते.

सोल्डरबाई

दिव्याबद्दल सहमत आहे, अंतराबद्दल नाही. टेकवून धरण्याचा सल्ला वाहक लहरीची (एलईडी ज्या वेगाने लुकलुकून संदेश वाहतो, तिची) वारंवारिता स्वतः मोजणाऱ्या शिकाऊ रिमोटांसाठी असतो. तीन पायांचा सेन्सर फार जवळच्या झोताने भांबावतो आणि स्पंदांची लांबी बिघडवून सांगतो. त्याच्यासाठी अर्धा ते एक मीटर अंतर बरे. कॅमेऱ्यात चमक दिसली तर एलईडी जिवंत आहे एवढेच सिद्ध होते, कोड योग्य असल्याचे नव्हे.

आता मूळ प्रश्न. आपले पकडणे मुळीच चुकलेले नाही. ४०डी आणि सी०डी यांत हेक्समधील ८०० चा, म्हणजे नेमका एका बिटाचा फरक आहे, आणि तो फरक रिमोटने मुद्दाम केलेला आहे. रिमोटचे संदेश पाठवण्याच्या फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत १४ बिट असतात: आरंभीचे दोन, मग एक ‘टॉगल’ बिट, मग उपकरणाच्या पत्त्याचे पाच आणि आज्ञेचे सहा. आपल्या कोडमधला पत्ता १६ येतो, जो या पद्धतीत प्रीॲम्प्लिफायरसाठी राखलेला आहे, आणि आज्ञा १३ येते, म्हणजे म्यूट. कळ सोडून पुन्हा दाबली की टॉगल बिट उलटतो. दाबून धरली तर साधारण दर ११४ मिलिसेकंदांनी तोच संदेश बिट न उलटता जात राहतो. उपकरणाला ‘पुन्हा दाबली’ आणि ‘अजून दाबलेलीच आहे’ यांतला फरक या एका बिटावरून समजतो.

आपण दर वेळी ४०डीच पाठवता, त्यामुळे ॲम्प्लिफायरच्या दृष्टीने आईने म्यूटवरचे बोट उचललेलेच नाही. आवाजाची कळ दाबून धरली तरी आवाज वाढत जाणे अपेक्षितच असते, म्हणून तिथे हा दोष लपला. (टीव्हीच्या रिमोटची पद्धत बहुधा वेगळी असावी, एनईसी या दुसऱ्या प्रचलित पद्धतीत असा बिटच नसतो.)

सोफ्याचे कोडे वेगळे आहे. हा सेन्सर वाहक लहर गाळून फक्त तिचे असणे-नसणे कळवतो, त्यामुळे कच्च्या नोंदीत वारंवारिता उरतच नाही. ती आपल्याला सांगावी लागते. आपण ३८ सांगितली, पण आरसी-५ ची वारंवारिता ३६ आहे. दोन किलोहर्ट्झने काम अडत नाही, मात्र पल्ला घटतो. इंटरनेटवर आपल्या ॲम्प्लिफायरचा प्रोंटो स्वरूपातील (रिमोटचे कोड हेक्समध्ये लिहिण्याची एक पद्धत) कोड मिळाला, तर त्यातील चार-चार अक्षरांचा दुसरा गट पाहा: ००७३ म्हणजे ३६ किलोहर्ट्झ, ००६डी म्हणजे ३८ आणि ००६७ म्हणजे ४०.

माझे मत विचाराल तर ज्या कोडची पद्धत ओळखू आली आहे, त्याच्या कच्च्या नोंदी साठवूच नयेत. पत्ता आणि आज्ञा साठवाव्यात, आणि संदेश प्रत्येक वेळी नव्याने घडवावा.

माळ्यावरचा_रेडिओ

मनःपूर्वक आभार. दिवा बंद केल्यावर ‘अज्ञात’ येणे थांबले. कच्च्या नोंदी काढून टाकून ३६ किलोहर्ट्झवर ४०डी आणि सी०डी आलटून पालटून पाठवतो आहे. म्यूट आता बंदही होते आणि सुरूही होते, आणि सोफ्यावरूनही चालते.

एक किरकोळ त्रुटी मात्र राहिली आहे. कोणी मूळ रिमोटने म्यूट केले आणि नंतर आईने पेटीवरची कळ दाबली, तर कधी कधी पहिला दाब वाया जातो.

सोल्डरबाई

मूळ रिमोट आणि पेटी यांना एकमेकांचा टॉगल बिट ठाऊक नसतो. मूळ रिमोटवरून शेवटी सी०डी गेला असेल आणि पेटीची पाळीही सी०डीचीच असेल, तर ॲम्प्लिफायर त्याला पुन्हा दाबून धरलेली कळच समजतो. आपला सेन्सर बोर्डावर आहेच. कोड पकडून झाले म्हणून तो काढून टाकू नका. त्याला सतत ऐकत ठेवा, १६ पत्त्याचा कोणताही संदेश आला की त्यातील टॉगल बिट टिपून घ्या आणि आपला संदेश त्याच्या उलट बिटाने पाठवा. पेटी स्वतः पाठवत असताना ऐकणे थांबवायला मात्र विसरू नका, नाहीतर ती स्वतःचाच आवाज ऐकून गोंधळेल.

माळ्यावरचा_रेडिओ

पाठवण्यापूर्वी ऐकणे बंद केले आणि पाठवून झाल्यावर पुन्हा सुरू केले. आज सकाळपासून मूळ रिमोट आणि पेटी आळीपाळीने मिळून चाळीस वेळा म्यूट दाबून पाहिले. एकही दाब वाया गेला नाही. सेन्सर पेटीच्या आत होता, त्याला बाहेरचे दिसावे म्हणून झाकणाला भोक पाडून पुढे आणला आहे.