द्राक्षबागेत व्हॅम, ट्रायकोडर्मा, पीएसबी: पाणी कमी असताना कधी आणि कसे द्यावे?

तुळजापूर_बाग
राम राम मंडळी. तुळजापूर तालुका, माणिक चमन जातीची द्राक्षे, खुंट (कलमाखालचे मूळझाड) डॉगरिज, लागवड 9 बाय 5 फूट, सहावे वर्ष. मध्यम काळी जमीन, खाली चुनखडी, सामू (पीएच) 8.2. बोअरचे पाणी क्षाराचे, आणि सध्या दिवसाला जेमतेम तासभर ड्रिप चालते. खरड छाटणी (उन्हाळ्यातली छाटणी) एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाली. व्हॅम (मुळांसोबत जगणारी बुरशी), ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशींना दाबणारी बुरशी), पीएसबी (स्फुरद म्हणजे फॉस्फरस मोकळा करणारे जिवाणू) आणून ठेवलेत. तिन्ही 200 लिटर पाण्यात 2 किलो गूळ घालून सात दिवस ठेवायचे आणि ड्रिपमधून सोडायचे असा विचार आहे. फॉस्फरिक ॲसिड दर आठवड्याला चालू आहे. याने बाग ताण सोसेल का?

मांजराकाठ
दादा, टाकी भरू नका. व्हॅमची बुरशी गुळावर वाढतच नाही, तिला जिवंत मूळ लागते. मुळाच्या पेशीत शिरून वेलीकडून साखर घेते, तेव्हाच तिचे तंतू बाहेर पसरतात. सात दिवस टाकीत ठेवले तर व्हॅम तेवढाच राहतो, किंबहुना सडून कमी होतो. वाढतात ते हवेतले आणि पाण्यातले भलतेच जीव. ट्रायकोडर्मा आणि पीएसबीही एकाच टाकीत आठवडाभर ठेवले की एकमेकांना दाबतात. परभणी कृषी विद्यापीठाच्या बायोमिक्ससारखे आधीच एकत्र बनवलेले मिश्रण वेगळे, ते लेबलप्रमाणे वापरा.

व्हॅम ड्रिपनेही देऊ नका. पावडरीचे कण 250 मायक्रॉनपर्यंत असतात आणि 120 मेशचा फिल्टर साधारण 130 मायक्रॉनच्या वरचे अडवतो. पैसे फिल्टर धुताना वाहून जातात. ड्रिपरपासून वीतभर अंतरावर खुरप्याने 4 ते 6 इंच माती अलगद सरकवा. दोऱ्यासारखी पांढरी मुळी दिसली की पावडर थेट तिच्यावर टाका आणि लगेच झाका. पांढरी मुळी नसेल तर त्या जागी टाकून उपयोग नाही. पाकिटावर ग्रॅमला 100 जिवंत प्रॉपॅग्यूल (बीजाणू, तंतूंचे तुकडे) असतील तर वेलीला 50 ग्रॅम धरा. एकरी 968 वेली, म्हणजे साधारण 48 किलो. खर्च जास्त वाटला तर आधी दोन-चार ओळींनाच द्या, पण मात्रा कमी करून सगळीकडे शिंपडू नका.

आणि आत्ता मेमध्ये नकोच. उघड्या बोधाच्या (वेलींच्या ओळीतल्या मातीच्या वरंब्याच्या) वरच्या दोन इंचांत दुपारी माती 45 अंशांपुढे जाते. पहिले चांगले पाऊस झाले, बोध आतपर्यंत ओला झाला की द्या.

जालना_सीताफळ_द्राक्ष
वरचे बरोबर. फॉस्फरिकवर मात्र आणखी बोलायला हवे, सगळ्यात मोठी अडचण तीच आहे. फॉस्फरिकमधून स्फुरदच मिळतो, आणि मुळाला स्फुरद सहज मिळत असेल तर वेल व्हॅमला साखर देत नाही आणि बुरशी मुळात शिरत नाही. एका हाताने व्हॅम आणि दुसऱ्या हाताने फॉस्फरिक असे चालत नाही. माती परीक्षण करा, स्फुरद जास्त निघाला तर ते बंद करा. ड्रिपमधला क्षार काढायला ॲसिड लागतच असेल तर या तिन्हींपैकी काहीही देण्याआधी आणि नंतर पाच-सहा दिवस ते देऊ नका. क्लोरीनलाही हाच नियम. (ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचे, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.)

पीएसबीकडून चुनखडीत फार अपेक्षा ठेवू नका. हे जिवाणू सेंद्रिय आम्ल सोडून स्फुरद मोकळा करतात आणि चुना ते आम्ल तिथल्या तिथे मारतो. व्हॅमचा फायदा इथे जास्त, कारण मुळाभोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा झाला तरी त्याचे तंतू त्यापुढे काही सेंटीमीटर जाऊन स्फुरद आणि जस्त आणतात. ताण सोसण्यात त्याची मदत आहे, पण बोधात ओलच नसेल तर तंतू तरी काय आणणार? म्हणून आधी उसाचे पाचट, चार-पाच इंचांचा थर, बोधाच्या दोन्ही बाजूंनी. बोअरच्या एका तासात यापेक्षा मोठा फरक दुसऱ्या कशाने पडणार नाही.

पावसाळ्यात दोन ओळींच्या मधे ताग किंवा ज्वारी घ्या. दोन्हींच्या मुळांवर व्हॅम जगतो. मोहरी, मुळा घेऊ नका, त्या कुळाच्या मुळांत तो शिरत नाही. ताग फुलावर यायच्या सुमारास कापून बोधावर टाका.

तुळजापूर_बाग
फॉस्फरिक आजपासून बंद. ट्रायकोडर्मा मग कसा द्यायचा? आणि डावणी या पानांवरच्या रोगासाठी बुरशीनाशके चालूच राहतील, त्याचे काय?

मांजराकाठ
100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात 1 किलो ट्रायकोडर्मा. सावलीत ढीग करा, ओल इतकी की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये. वर ओले पोते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर-खाली करा. आठ-दहा दिवसांत पांढरी, मग हिरवी बुरशी दिसते. कुबट, आंबूस वास आला किंवा ढीग हाताला चटका देण्याइतका गरम असेल तर खत कच्चे होते, ते बागेत देऊ नका. वेलीला अर्धा किलो धरले तर एकराला 500 किलो खत आणि 5 किलो ट्रायकोडर्मा. पाचटाखाली, ओल्या मातीवर द्या.

पीएसबी द्रवरूप, एकरी लिटर-दीड लिटर, संध्याकाळी ड्रिपच्या शेवटच्या वीस मिनिटांत सोडा आणि नंतर पाच मिनिटेच साधे पाणी. जास्त सोडले तर मुळांच्या खाली जाते.

बुरशीनाशकांत मेटॅलॅक्झिल डावणीच्या कुळावर चालते, ट्रायकोडर्माला फारसे बाधत नाही. कार्बेन्डाझिमची आळवणी (मुळाशी ओतणे) मात्र ट्रायकोडर्मा आणि व्हॅम दोघांनाही मारते. बोर्डो (मोरचूद-चुन्याचे मिश्रण) फवारताना बोधावर गळू देऊ नका, तांबे मातीत साचते.

औसा_निर्यात
दोन ओळी काहीही न देता सोडा, नाहीतर फरक या तिन्हींचा की पावसाचा हे कळणार नाही. पाचट मात्र त्या ओळींवरही टाका. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचे देठ दिलेल्या आणि न दिलेल्या ओळींतून वेगळे तपासा, स्फुरद आणि जस्त बघा. पांढरी मुळी व्हॅमने धरली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी मुळे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागतात. मुळ्या ओल्या कागदात गुंडाळून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा, वाळल्या तर तपासणी नीट होत नाही.