डील टाकताय ना? मग कमिशनही सांगा

रानडे_रोड
काल गटात एका सभासदाने लिहिलं: "ब्राउझरमध्ये हे बटण बसवून घ्या. डील दिसली की एका क्लिकवर व्हॉट्सॲप, टेलिग्राम, फेसबुक, सगळीकडे जाते. मी दिवसाला चाळीस टाकतो. समाजसेवा म्हणूनच करतो." हा "समाजसेवा" शब्द झोंबला, म्हणून लिहितेय.

माझ्या आईने अशाच एका लिंकवरून मिक्सर घेतला. "62 टक्के सूट, शेवटचे 10 नग." आठ दिवसांनी पाहिलं तरी शेवटचे 10 नगच शिल्लक होते. मग मी किमतीचा आलेख काढला. तीन महिने तो मिक्सर त्याच भावाला विकला जात होता. लिंक टाकणाऱ्याला हे दोन मिनिटांत कळलं असतं, पण बटण दाबायला एक सेकंद लागतो, मग दोन मिनिटं कोण घालवतो? आमच्या चाळीत कुणी "अमक्याकडे कुकर स्वस्त आहे" म्हणायची ती स्वतः कुकर घेऊन आल्यावर.

आणि त्या लिंकच्या पोटात टॅग असतो. ॲमेझॉनच्या लिंकमध्ये वस्तूचा दहा अक्षरी कोड पुरतो. पुढे -21 ने संपणारं शेपूट दिसलं की समजा, कमिशन कुणाच्या तरी खात्यात चाललंय. कमवायला माझी हरकत नाही. लपवायला आहे.

मुलुंड_डील्स
ताई, तो सभासद मीच. नाव घेऊन बोलला असतात तरी चाललं असतं.

कमिशन दुकान देतं, घेणाऱ्याला एक पैसा जास्त पडत नाही. दोन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली. रात्री बारा वाजता सेल उघडतो तेव्हा तुम्ही झोपलेल्या असता, मी बसलेला असतो. लायटनिंग डील कधी कधी दहा मिनिटांत संपते. लिंक कॉपी करा, छोटी करा, फोटो घ्या, चार ठिकाणी चिकटवा, तोवर माल गेलेला असतो. ते बटण माझं हत्यार आहे. सुताराला कुणी विचारतं का, रंधा का वापरतोस?

पार्ले_पूर्व
रंधा तुमच्या कपाटातली कागदपत्रं वाचत नाही. बटण बसवताना क्रोम काय विचारतं ते वाचलंत? "सर्व वेबसाइटवरचा तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे." म्हणजे बँकेचं पान उघडलंत तरी ते हजर. निदान सेटिंगमध्ये जाऊन "क्लिक केल्यावरच" असं करा.

शिवाय तुमच्याच पोटावर पाय येऊ शकतो. 2024 च्या डिसेंबरमध्ये हनी या एक्स्टेंशनवर (म्हणजे ब्राउझरमध्ये बसवायच्या अशाच एका बटणावर) आरोप झाला की ते दुसऱ्याच्या लिंकवरून आलेल्या ग्राहकाचं कमिशन शेवटच्या क्षणी आपल्या नावावर घेतं. त्यानंतर 2025 च्या मार्चमध्ये गूगलने एक्स्टेंशनसाठीचा नियम कडक केला: ग्राहकाला प्रत्यक्ष फायदा नसेल तर ॲफिलिएट लिंक, म्हणजे कमिशनची लिंक, घुसवायची नाही.

लॅमिंग्टन_जुना
तुमचं कमिशन कुणाला जातं यावर एवढी चर्चा, आमचं गिऱ्हाईक कुठे गेलं ते कुणी विचारत नाही. वडिलांचं टीव्हीचं दुकान होतं. 2014 च्या ऑक्टोबरात तो फ्लिपकार्टचा पहिला बिग बिलियन डे सेल झाला, तेव्हापासून लोक यायचे, टीव्ही लावून बघायचे, मॉडेल नंबरचा फोटो काढायचे आणि "सांगतो" म्हणून जायचे. शोरूमचं भाडं आम्ही भरायचं, विक्री दुसऱ्याची. प्रत्येक डीलच्या लिंकमागे असं एक शटर आहे.

भांडुपची_सून
दादा, शटरचं वाईट वाटतं, पण दुकानदारांचं कौतुक आम्हाला सांगू नका. बिल मागितलं की "मग जीएसटी लागेल". भिंतीवर पाटी: "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही". मी खराब निघालेली इस्त्री घेऊन तीन फेऱ्या मारल्या, कडेवर सहा महिन्यांचं बाळ. ऑनलाइनवाला घरी येऊन घेऊन जातो. 2019 च्या ग्राहक कायद्याप्रमाणे बिलावर मुदत लिहिली नसेल, तर सदोष माल 30 दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा आहे. तुमच्या दुकानात पाटी होती की नव्हती?

लॅमिंग्टन_जुना
होती. सगळ्यांकडेच होती. पण तुम्हाला एक दुकानदार वाईट भेटला म्हणून सगळा बाजार चोर ठरवताय? 26 जुलैच्या पुरानंतर वडिलांनी पंधरा दिवस लोकांचे भिजलेले टीव्ही उघडून वाळवले. मजुरी घेतली नाही. हे कुठलं बटण करणार?

भांडुपची_सून
चोर मी म्हटलं नाही, शब्द माझ्या तोंडी घालू नका. तुमचे वडील देवमाणूस असतील. माझ्या वाट्याला तसा दुकानदार आला नाही, त्याला मी काय करू?

रानडे_रोड
अहो, दुकानदारीवर वेगळा धागा काढा. माझा प्रश्न मुलुंडकरांना आहे आणि त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. इन्फ्लुएन्सरांसाठी केंद्राच्या ग्राहक खात्याने 2023 च्या जानेवारीत सूचना काढल्या: आर्थिक संबंध असेल तर ठळक आणि साध्या भाषेत सांगा. "शेवटचे 10 नग" ही खोटी घाईसुद्धा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला फसवणाऱ्या क्लृप्त्यांच्या, यादीत गेली. वाक्य दुकानाचं असेल, पण माझ्या आईपर्यंत आणलं कुणी?

मुलुंड_डील्स
तुमच्या आईंना ती लिंक मी पाठवली होती का? नाही ना? मग आरोपीच्या पिंजऱ्यात मी का?

रानडे_रोड
तुम्ही पाठवली नव्हती, मान्य. "समाजसेवा" मात्र तुम्हीच लिहिलंत.

पार्ले_पूर्व
आणि एक, लिंकवर क्लिक केल्यावर 24 तासांत माणसाने ॲमेझॉनवर दुसरं काहीही घेतलं, तरी त्याचं कमिशन बहुतेक वेळा लिंकवाल्यालाच मिळतं. मिक्सरची लिंक, घेतले बूट, तरी पैसे तुम्हाला. सांगायला नको?

मुलुंड_डील्स
बुटांचं येतं, खरं आहे. बरं, तो शब्द मागे घेतो. आजपासून प्रत्येक पोस्टच्या पहिल्या ओळीत लिहीन: "या लिंकवरून मला कमिशन मिळतं." आलेख मात्र दिवसाला चाळीस वेळा बघणं जमणार नाही. पाच हजारांच्या वरच्या वस्तूचा बघेन.

रानडे_रोड
आईचा मिक्सर तीन हजारांचा होता.

मुलुंड_डील्स
दोन हजार. त्याखाली उतरणार नाही.

भांडुपची_सून
लॅमिंग्टन दादा, टीव्ही दुरुस्त करणारं कुणी आहे का अजून तिकडे? आमचा दोन वर्षांतच बंद पडलाय, कंपनी पॅनल बदला म्हणतेय.

लॅमिंग्टन_जुना
आहे. आमच्याकडचाच मुलगा, आता स्वतःचं करतो. मॉडेल नंबरचा फोटो पाठवा.