तक्तपोशी : घासायची की व्हार्निश उतरवायचं?

प्रेषक: धाकटी वहिनी (सध्या कोल्हापुरात)
मंडळी, घाईत लिहितेय. माजघराची तक्तपोशी (छताच्या लाकडी फळ्या) पांढरी करायचीय, पेंटर सोमवारी येतोय. म्हणतो, व्हार्निशवर थेट लांबी (पुट्टी) ओढतो, वर दोन हात पांढरा. सासूबाईंना पटलंय, मला नाही. फळ्या अजून चकचकीत आहेत, कोपऱ्यांत चुलीच्या काळातली काजळी. घासू की रिमूव्हरने (व्हार्निश सोडवायच्या रसायनाने) सगळं उतरवू? सागवान-पुराण नको, ते दिवाळीच्या फराळात झालंय.

प्रेषक: आण्णा
लांबी अजिबात नको. फळ्या पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. सांध्यातली लांबी तडकून ताटात पडेल. रिमूव्हर डोक्यावर लावायचा म्हणजे थेंब डोळ्यात. व्हार्निश घट्ट बसलेलं असेल तर घासून चमक घालवली की पुरे. आधी सोड्याच्या गरम पाण्याने पुसा, मग साध्या पाण्याने. काजळी गेल्याशिवाय पॉलिश पेपर लावू नका, तेलकटपणा उलट आत घासला जातो. वाळल्यावर 120 नंबर, मग 180, रेषांच्या दिशेनं. बॅटरी तिरकी धरून बघा, कुठं चकाकलं तर तिथं परत.

प्रेषक: पेठेतली ताई
सोडा कुठला हो, खायचा की धुण्याचा?

प्रेषक: आण्णा
धुण्याचा. हातमोजे घालून.

प्रेषक: काका
पुराण नको म्हणालात म्हणून एकच वाक्य: जुनं सागवान पांढरं करायला जीव कसा होतो? आमच्या वाड्यात तुळयांना वर्षाला तेलाचा हात असायचा.

प्रेषक: सेक्रेटरी
काका, ही मेल-यादी गणपतीच्या कामासाठी आहे. हॉलच्या डिपॉझिटवर अजून एकाचंही उत्तर नाही. मखराच्या रंगावरून जे झालं ते पुन्हा नको.

प्रेषक: काका
मखराचा विषय तुम्हीच काढलात.

प्रेषक: भाऊ
प्रायमरचं, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या हाताचं, कुणी बोलतच नाही! घासताना जिथं लाकूड उघडं पडेल तिथून सागाचा तांबूस डाग पाण्याच्या रंगातून वर येतो, कितीही हात मारा. ऑईल बेस वुड प्रायमर घ्या, नाहीतर लाखेचा. आधी हातभर जागेत लावा, पूर्ण वाळला की ब्लेडनं फुली मारा, चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. प्रायमर पट्टीसोबत आला तर अजून घासायचंय. सांध्यांना ॲक्रिलिक सीलंट. सिलिकॉनवर रंग धरत नाही. आणि तुळयांवर जुना ऑईल पेंट असेल तर कोरडा घासू नका, शिशाची धूळ उडेल. रंगातल्या शिशाची 90 पीपीएमची (दहा लाखांत 90 भाग) मर्यादा 2017 पासूनची, त्याआधीच्या डब्यांत काय होतं कोण सांगणार.

प्रेषक: पेठेतली ताई
पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय आणि हिला रंग द्यायचाय! लाकूड ओलं असताना प्रायमर वाळणार कधी? माझ्या भावानं श्रावणात दरवाजे रंगवले, नवरात्रापर्यंत बोटं चिकटत होती.

प्रेषक: धाकटी वहिनी
ताईंचं पटलं. सोमवारी फक्त धुणं आणि घासणं, रंग दसऱ्यानंतर, दीर बघतील. पेंटर घासायचे वेगळे पैसे मागतोय आणि मान दुखते म्हणून वर चढून काम करायला उंच घोडा (स्टँड) हवाय म्हणतो. शिवाजी पेठेत कुणाकडे आहे?

प्रेषक: काका
आमच्या तळघरात आहे, किल्ली पुतण्याकडे. एक पाय डुगडुगतो, खाली पाचर मारा. हॉलच्या डिपॉझिटमधला माझा वाटा सेक्रेटरींना आज पाठवतो.