हमीदा बानूंच्या कुस्त्यांची यादी करते आहे, जाणकारांनी मदत करावी

कल्याणची वाचक

नमस्कार मंडळी. १९४०-५०च्या दशकांत पुरुष मल्लांशी लढणाऱ्या पहिलवान हमीदा बानू यांच्या कुस्त्यांची तारीखवार यादी करायला घेतली आहे. त्या मूळच्या मिर्झापूरच्या. अलीगढला सलाम पहिलवानांच्या हाताखाली तयार झाल्या, पुढं आमच्या कल्याणात राहिल्या आणि १९८६ साली गेल्या.

२०२४च्या मे महिन्यात गूगलनं त्यांचं चित्र लावलं, तेव्हापासून लेख पुष्कळ आले. पण सगळीकडे तेच: "मला हरवा आणि माझ्याशी लग्न करा" हे आव्हान, मे १९५४मध्ये बडोद्यात बाबा पहिलवानांना १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं ती कुस्ती, आणि मग दूध किती, अंडी किती, बिर्याणी किती. खुराकाचे आकडे मला पाठ झालेत. मला हवंय ते वेगळं: जोड कोणाशी, कुठल्या गावात, पंच कोण, अटी काय. तीनशेच्या वर कुस्त्या जिंकल्याचा दावा त्या काळी छापून येत होता. त्यातल्या गाव आणि साल पक्कं असलेल्या कुस्त्या एका वहीच्या पानावर मावतात.

आणि एका गोष्टीनं अडले आहे. कोल्हापुरात त्यांनी एका पंजाबी मल्लाला हरवलं तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली, दगड मारले, पोलीस बोलवावे लागले. कुस्ती लुटुपुटूची म्हणाले. पुढं मुंबई राज्यात त्यांच्या कुस्त्यांवर बंदी आली. त्यांनी तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे दाद मागितली, तर उत्तर आलं की बंदी बाई म्हणून नाही. आयोजक त्यांच्यासमोर नावापुरते मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून आहे. मग अशा कुस्त्या यादीत कशा लिहायच्या? त्यांच्यावर अन्याय होऊ नये आणि खोटंही लिहिलं जाऊ नये, एवढंच बघते आहे.

लाल माती, कोल्हापूर

ताई, मी तालमीतला माणूस, कागदपत्रांतलं कळत नाही. पण वेळेवरून कुस्ती नुरा, म्हणजे आधी ठरवलेली, असं म्हणू नका. १९१०ला लंडनमध्ये गामा पहिलवान आणि पोलंडचा मल्ल झिबिस्को अडीच तासांवर झुंजले आणि निकाल लागला नाही. तीच जोड १९२८ला पतियाळात लागली, तेव्हा गामानं मिनिटाच्या आत पाठ लावली. त्याला कोणी ठरवलेली म्हणत नाही. पहिल्याच पकडीत डाव बसला की संपलं.

आमच्या गावानं दगड मारले याचं वाईट वाटतं. पण इथला प्रेक्षक जोड बघून तिकीट काढतो. जोड हलकी दिसली की गडी असो वा बाई, ओरडतोच. आणि बाईनं गड्याला पाडलेलं त्या काळी सहन झालं नसणार, हेही तितकंच खरं. दगडामागं यातलं काय होतं ते मला सांगता यायचं नाही. तुम्ही दोन्ही लिहा.

जुने कागद

तुमच्या यादीत न झालेल्या कुस्त्यांचा रकाना आहे का? नसेल तर आधी तो करा. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १९४४ला मुंबईत गुंगा पहिलवानांशी कुस्ती ठरली होती, वीस हजार लोक जमले, गुंगांनी जास्त पैसे आणि तयारीला वेळ मागितला, कुस्ती रद्द झाली आणि चिडलेल्या लोकांनी मैदानाची मोडतोड केली. बडोद्यात आधी छोटे गामा (हे वेगळे मल्ल) उतरणार होते. बाईशी लढणार नाही म्हणून ऐन वेळी बाजूला झाले, म्हणून बाबा पहिलवान आले. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली जोड राष्ट्रीय तालीम संघ या कुस्ती संघटनेच्या विरोधानं रद्द झाली. ज्या मल्लाची प्रत्येक कुस्ती आधी ठरवलेली असते, तिच्यासमोरून एवढी माघार का व्हावी? याचं उत्तर मी देत नाही, पण प्रश्न यादीत दिसला पाहिजे.

दुसरं, जाहिरात आणि वृत्तांत एकत्र करू नका. 'अमुक तारखेला जंगी कुस्ती' ही जाहिरात झाली. दुसऱ्या दिवशीची बातमी मिळाली तरच कुस्ती झाली असं धरा. 'बॉम्बे क्रॉनिकल' हे जुनं इंग्रजी दैनिक एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथ संजीवनी या संकेतस्थळावर चाळता येतं. कोल्हापूरसाठी 'पुढारी'चे त्या काळचे अंक बघा.

तिसरं, १९५४ला बडोदा, कोल्हापूर, पुणे, मुंबई सगळं एकाच मुंबई राज्यात होतं. तिकीट लावलं की करमणूक कर आला, पोलिसांचा परवाना आला. बंदीचा कागद गृह खात्याचा असणार. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात गृह खात्याच्या १९५३ ते ५५च्या सूचीपासून सुरुवात करा.

कल्याणची वाचक

दोघांचेही मनापासून आभार. चारही गावं एका राज्यात होती हे माहीत असूनही बंदीशी जोडून बघितलं नव्हतं. आता प्रत्येक कुस्तीपुढं तीन खुणा करते: जाहीर झाली, झाली, वादग्रस्त. मुंबईत त्यांनी रशियाच्या वेरा चिस्तिलिनला मिनिटाच्या आत हरवलं असं म्हणतात, ती कुस्तीही वृत्तांत मिळेपर्यंत पहिल्याच खुणेवर ठेवते.

काका, कोल्हापूरचा वृत्तांत मिळाला तर तुम्हाला पाठवू का? पंचांचं नाव आणि डाव वाचून तुम्हाला जे दिसेल ते मला दिसणार नाही.

लाल माती, कोल्हापूर

पाठवा की. आमच्या वस्तादांनाही वाचून दाखवतो.