बॅशमध्ये लूपच्या बाहेर आलं की अ‍ॅरे रिकामा का होतो?

प्रश्न: बॅश (कमांड चालवणारं शेल) वापरून एका फोल्डरमधल्या सगळ्या लॉग फाइल्सची नावं गोळा करून नंतर त्यांच्यावर काम करायचंय. फाइल शोधणाऱ्या फाइंड कमांडचं आउटपुट पाइपने (|) एकेक ओळ वाचणाऱ्या व्हाइल रीड लूपला देतोय आणि आत प्रत्येक नाव अ‍ॅरेत (यादीत) जोडतोय, लूपच्या आत एको केलं (छापून पाहिलं) तर सगळी नावं दिसतात पण डनच्या (लूप संपतो त्या ओळीच्या) खाली अ‍ॅरेची लांबी 0 येते. एररही नाही. कुणी सांगेल का नक्की काय होतंय?

उत्तर १: पाइपमुळे होतंय हे. पाइपच्या उजवीकडचा लूप बॅश सबशेलमध्ये चालवतं, म्हणजे वेगळी प्रोसेस, ती संपली की तिच्यातला अ‍ॅरेही गेला. पाइप काढ आणि डनच्या पुढे < <( ) लिहून कंसात फाइंड टाक, मग लूप तुझ्याच शेलमध्ये चालेल. दोन्ही < मध्ये स्पेस हवीच हां.

उत्तर २: नुसती नावंच हवी असतील तर लूप कशाला, मॅपफाइल वापर की! एका ओळीत अ‍ॅरे भरतो, डॅश टी (-t) दिलं की प्रत्येक ओळीच्या शेवटची न्यूलाइनपण जाते. फक्त हे बॅश 4 पासून आहे, मॅकवर सोबत येणारं बॅश अजून 3.2 आहे तिथे चालणार नाही.

उत्तर ३: आणि प्लीज एलएसच्या (फाइल्सची यादी दाखवणारी कमांड) आउटपुटवर फॉर लूप लावू नकोस, नावात स्पेस असली की एका फाइलचे दोन तुकडे होतात. अ‍ॅरे वापरतानाही डबल कोट्स हवेतच.

प्रश्नकर्ता: < <( ) ने झालं, खूप आभार!