परक्याची बरगडी, आपलं नाक

गवतीचहा: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, 'मेलेल्याची कूर्चा (बरगडीच्या टोकाचं मऊ हाड) नाकात बसवणं हा सर्जनचा आळस. स्वतःची बरगडी असताना परक्याची कशाला?' डोकंच फिरलं! अपघातानंतर माझीच बरगडी काढून नाक उभं केलंय. नाकाचं दुखणं आठ दिवसांत विसरले, छातीचं महिनाभर नाही. शिंक आली की उशी कवटाळायची. दात्याची बरगडी घेतली की वरची साल खरवडतात, धुतात, सीलबंद करून जंतू मारायला गॅमा किरणं देतात. कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून शरीर सहसा नाकारत नाही. यात आळस कुठे?

निवांत_पेठकर: पोस्ट माझीच. किरणांनी पेशीही मरतात ना? मग विरघळायला लागली तर सावरणार कोण? शिवाय कोरलेली कूर्चा वाकते.

गवतीचहा: स्वतःचीही वाकते! गिब्सन आणि डेव्हिस या सर्जननी १९५८ मध्येच सांगितलंय, कोरताना दोन्ही अंगांचा ताण सारखा राहू द्या.

गडकरी_मावळा: परदेशी नावं कशाला? सुश्रुत विसरलात? कावसजीचं कापलेलं नाक पुण्याजवळ आपल्याच माणसाने बसवलं, १७९४ च्या लंडनच्या जेंटलमन्स मॅगझीनमध्ये तसं पत्र छापून आलंय.

तिरकस_काकू: तिथे कूर्चा होती कुठे? नाकाच्या थोटकावर मेणाचा पत्रा बसवून माप घेतलं, तो कपाळावर पसरला, तेवढी कातडी खाली वळवली. आणि करणारा विटा बनवणाऱ्या जातीचा होता. कावसजीचं नाव छापलं, त्याचं नाही. श्रेय मात्र सगळं सुश्रुताला!

गडकरी_मावळा: आता यातही जात?

तिरकस_काकू: मी नाही काढली, पत्रातच आहे. वाचायचे कष्ट घ्या.

सातारची_सून: भांडणं पुरे. सासरे गेले तेव्हा डोळे नेले, बाकी कुणी विचारलंच नाही. २०११ च्या दुरुस्तीने ऊतीही (टिश्यू) अवयवदानाच्या कायद्यात आल्यात. टाटा मेमोरियलची टिश्यू बँक १९८८ पासून आहे. पण आमच्याकडे फॉर्म घेऊन आलेल्या पोराला 'टिश्यू' म्हणजे नॅपकिन वाटला.

निवांत_पेठकर: सासरे सत्तरीचे असतील तर न विचारलेलंच बरं. त्या वयात बरगडीची कूर्चा चुनखडी होते, कोरायला गेलं की तुकडे.

गवतीचहा: म्हणजे सत्तरीच्या रुग्णाचीही चुनखडीच ना? मग त्याचं नाक कशाने उभारता?

निवांत_पेठकर: ...बरं बाई. म्हाताऱ्यांना द्या परक्याची. लहान पोरांच्या कानाला मात्र स्वतःचीच.

गवतीचहा: कानाचं कोण बोललं? धागा नाकाचा आहे.